पाड्यावरची चित्रपोथी: मानवी तस्करीची गोष्ट गावात कशी सांगावी

'मानवी तस्करी' हा शब्द घेऊन पाड्यावर गेलात, तर लोक मान डोलावतील आणि विषय तिथेच संपेल. तस्करी म्हटलं की सोनं, चंदन, दारू डोळ्यांपुढे येते, शेजारची पोर येत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगरपट्ट्यात लोकांच्या तोंडचे शब्द वेगळे आहेत. 'जगायला गेले.' 'उचल घेतली', म्हणजे कामाआधीच आगाऊ पैसे घेतले. 'मुकादमाबरोबर धाडलं.' 'तिकडचं स्थळ आहे, लग्नाचा खर्च तेच करणार.' 'पोराला मेंढ्यांमागे लावलं.' यातलं बरंचसं साधं, कष्टाचं स्थलांतर असतं. पण याच शब्दांच्या आडून माणूस विकलाही जातो. इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीतली लहान मुलं काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढ्या राखायला दिली जात होती, हे २०२२ साली उघड झालं. तेही एका लहान मुलीचा जीव गेल्यावर.

म्हणून गावात बोलायचं तर गावाच्या शब्दांत, आणि बोलण्याआधी चित्रात. आम्ही काही शिक्षक, अंगणवाडीताई आणि कॉलेजची मुलं मिळून हे काम करत आलो. करताना जे चुकलं आणि जे जमलं, ते पुढच्यांना उपयोगी पडावं म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

चित्रच का

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. सुट्या चित्रांची पोथी असते. सांगणारा एकेक चित्र उभं धरतो आणि गात गात कथा पुढे नेतो. आपल्या भागातही बोहाड्याला, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवाला, रात्र रात्र सोंगं बघणारी माणसं आहेत. बघत बघत गोष्ट ऐकायची सवय इथे कुणाला लावावी लागत नाही. चित्राचा आणखी एक फायदा आम्हाला उशिरा कळला. चित्र समोर धरून तुम्ही गप्प बसू शकता. भाषण करणारा गप्प बसला तर लोक उठतात. चित्र समोर असलं की लोकच बोलायला लागतात, आणि आपल्याला तेच हवं असतं.

आधी स्वतः नीट समजून घ्या

लोक प्रश्न विचारतील तेव्हा अडखळू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ हे मानवी तस्करीचं कलम आहे. ते १ जुलै २०२४ पासून लागू झालं. त्याआधी हाच गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये होता. कायदा तीन गोष्टी बघतो. माणसाला कुणी मिळवलं, नेलं, पोचवलं किंवा ठेवून घेतलं का? ते कशाच्या जोरावर झालं: धाक, जबरदस्ती, पळवून नेणं, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर की पैशाचं आमिष? आणि ते त्याच्या शोषणासाठी होतं का? शोषणात देहविक्रय येतो तशी वेठबिगारीही येते. अशा गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे आणि पीडित अल्पवयीन असेल तर किमान दहा, जन्मठेपेपर्यंत.

गावात हटकून ऐकू येणारी दोन वाक्यं आहेत. एक: 'ती तर आपल्या पायानं गेली.' कायदा सांगतो की असा गुन्हा घडलाय का हे ठरवताना तिची संमती मोजायची नाही. दुसरं: 'उचल फिटेपर्यंत सोडणार कसा?' वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ सालचा आहे. त्याप्रमाणे वेठबिगारीचं कर्ज संपलेलंच धरलं जातं. ते फेडायची जबाबदारी कामगारावर राहत नाही. हे दुसरं वाक्य पोथीत आलंच पाहिजे, कारण उचलीच्या ओझ्याखाली माणसं स्वतःच मुकादमाची बाजू घेऊन बोलतात.

मग ऐकायला जा, कागद-रंग न घेता

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत गोष्ट सांगू नका. सरपंच, पोलीस पाटील आणि पाड्यातली जाणती माणसं यांना भेटून कशासाठी आलो ते उघड सांगा. ग्रामसभेत विषय मांडता आला तर फारच चांगलं. नंतर बायका जिथे निवांत भेटतात तिथे बसा. 'तुमच्याकडे कुणाची मुलगी गेलीय का?' असं चुकूनही विचारू नका. वर्षाचं चक्र विचारा. अंगणात कोळशाने गोल काढायचा, त्याचे बारा भाग करायचे आणि खडे ठेवायला सांगायचे. भात कापून झाल्यावर कोण कोण जातं? ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत किती जण? वीटभट्टीवर किती? ऊसतोडीला किती? उचल कोणत्या महिन्यात मिळते, आणि कुणाच्या हातात? गाडी पाड्यावर येते की फाट्यावर? मुलं कुणाकडे राहतात?

हा गोल भरला की तुमची गोष्ट अर्धी तयार झाली समजा. आम्ही दोन पाड्यांत हा गोल मांडला. एका पाड्यात बहुतेक माणसं द्राक्षाच्या कामाला सकाळी पिकअपने जाऊन संध्याकाळी घरी येत होती. तिथे वीटभट्टीची गोष्ट नेली असती तर ती दुसऱ्याच गावाची वाटली असती. दुसऱ्या पाड्यात मात्र खडे ठेवता ठेवता एक बाई थांबली आणि म्हणाली, 'पोरींचे खडे वेगळे ठेवू का? त्या एकट्याच जातात.' आमची पुढची सगळी पोथी त्या एका वाक्यावर उभी राहिली.

गोष्ट बांधणं

खऱ्या मुलीची खरी हकीकत वापरू नका, तिने परवानगी दिली तरी. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आणि पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ पीडित मुलाची ओळख उघड करायला मनाई करतात. ओळख नुसत्या नावाने पटत नाही. 'तीन बहिणींतली मधली, बाप पायाने अधू' एवढ्यावर पंचक्रोशीला कळतं. दहा-बारा हकीकतींतले धागे घेऊन एक नवी मुलगी रचा. आमच्या मुलीचं नाव सोनी. पोथी बारा चित्रांची आहे. ती इथे पूर्ण देतो, हवी तशी बदलून घ्या.

पहिल्या चित्रात कापणी झालेलं खाचर, घर, आई, सोनी आणि धाकटा भाऊ. सोनीच्या वेणीला लाल रिबीन आहे, पोथीत लाल रंग दुसरीकडे कुठेही नाही. दुसऱ्या चित्रात घराच्या आत खुंटीला दवाखान्याची पिशवी आणि खाटेवर बाप. तिसऱ्यात मोटारसायकलवरून आलेला नातलग, मावशीचा दीर. हातात धाकट्यासाठी शेव-चिवड्याचा पुडा. चौथ्यात पैसे मोजले जातायत आणि आईचा अंगठा कोऱ्या कागदावर आहे.

पाचवं चित्र म्हणजे थांबायची जागा. त्यात सोनी दारात उभी आहे आणि मोठी माणसं बोलतायत, एवढंच. इथे पोथी खाली ठेवायची नाही, पुढेही जायचं नाही. विचारायचं: 'आता आईनं त्याला काय काय विचारावं?' घाई करू नका. आधी हसू येईल, मग शांतता, आणि मग एखादी म्हातारी सुरुवात करेल. मालक कोण? गाव कोणतं, तालुका कोणता? मजुरी दिवसाची किती, हातात कोण देणार? फोनवर मालकाशी आत्ता बोलायला मिळेल का? सोबत पाड्यातलं दुसरं कोण आहे? परत कधी? कोरा कागद कशाला? हे प्रश्न तुमच्या तोंडून येऊ देऊ नका, त्यांच्या तोंडून निघाले तरच ते दिवाळीनंतर दारात उभं राहून विचारले जातील.

सहाव्या चित्रात पहाटेचा फाटा, जीप, मागच्या काचेतून दिसणारी लाल रिबीन. सातव्यात फक्त एक फळी आणि त्यावर ओळीने ठेवलेले पाच मोबाइल, सोनीचाही त्यातच. मारहाण, साखळी, अंधारी खोली यातलं काहीही आम्ही काढलं नाही. काढून घेतलेले फोन पुरतात. आठव्यात आई रेंज येते त्या टेकाडावर कानाला फोन लावून उभी. नवव्यात भाऊबंद तिला गप्प करतायत, 'बोभाटा केलास तर पोरीचं लग्न व्हायचं नाही.' दहाव्यात आई अंगणवाडीताईला घेऊन पोलीस पाटलाकडे. अकराव्यात सोनी परत अंगणात, शाळेचं दप्तर, आणि कुंपणापलीकडून बघणारी माणसं. इथे पुन्हा थांबायचं: 'ही माणसं आता तिच्याशी काय बोलतील?' परत आलेल्या मुलीला गावाने टोचून मारू नये, ही गोष्ट आमच्या मते पहिल्या दहा चित्रांइतकीच महत्त्वाची आहे. बारावं चित्र कोरं असतं. त्याच्याबद्दल शेवटी सांगतो.

वाईट माणूस कसा काढायचा

या एका बाबतीत मी हात जोडून विनंती करेन. काळा चेहरा, मोठ्या मिशा, खांद्यावर पोतं, अनोळखी वेश: असला माणूस काढू नका.

बागलाणच्या शेजारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा आहे. १ जुलै २०१८ रोजी तिथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाइलवर पसरलेली होती. जमावाने पाचही जणांना ठेचून मारलं. त्यांनी कुणाचं मूल पळवलेलं नव्हतं. अनोळखी माणसाची भीती गावात किती कमी वेळात हत्यार होते, ते त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. आपल्या चित्रातून तसली भीती तसूभरही वाढता कामा नये. भटके, फेरीवाले, परप्रांतीय, दुसऱ्या धर्माचे, कुणावरही बोट जाईल असं टोपी, टिळा, पागोटं चित्रात नको.

आणि ते खरंही नसतं. पोर नेणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. तो चहा पितो, म्हाताऱ्यांच्या पाया पडतो, मागच्या वर्षी कुणाला तरी खरंच काम मिळवून दिलेलं असतं. म्हणून आमच्या पोथीतला मावशीचा दीर बाकीच्यांसारखाच दिसतो. त्याचा चेहरा बघू नका, तो कशाचं उत्तर टाळतो ते बघा, असं आम्ही सांगतो. गोष्ट संपल्यावर लोकांच्या मनात कुठल्या माणसाबद्दल संशय आणि कुठल्या प्रश्नाची आठवण राहिली, हे तपासा. संशय जास्त राहिला असेल तर चित्र बदला.

कापड, रंग, रेषा

कार्डशीट पहिल्या पावसात मऊ पडते आणि कोपऱ्यांना दुमडते. आम्ही मांजरपाटावर आलो. दोन फूट बाय तीन फुटांचे तुकडे, कडा शिवून, वरच्या बाजूला बांबूची काठी घालायला नेफा. कापडी रंग वापरा, म्हणजे धुता येतं. रेषा जाड हवी. चित्र भिंतीला लावून पंधरा पावलं मागे जा, चेहऱ्यावरचं दुःख दिसलं नाही तर वाकलेली पाठ तरी दिसली पाहिजे. वारली चित्रांतल्या माणसांना नाक-डोळे नसतात, तरी कोण नाचतंय आणि कोण थकलंय ते लगेच कळतं. ही देहबोली शिकण्यासारखी आहे. मात्र वारली शैलीतच काढायचं असेल तर त्या समाजातल्या चित्रकाराला बोलवा, रोज द्या, नाव द्या. लग्नचौक आणि पालघट देवी त्यांच्या पूजेच्या गोष्टी आहेत, सजावट म्हणून वापरायच्या नाहीत.

प्रत्येक चित्राच्या मागे सांगणाऱ्यासाठी चार ओळी मोठ्या अक्षरात लिहा. लांब परिच्छेद लिहिला की माणूस वाचायला लागतो आणि गोष्ट मरते.

गावाला दाखवून दुरुस्त करा

आधी पेन्सिलीची कच्ची चित्रं पाच-सहा जणींना दाखवा आणि फक्त विचारा, 'यात काय दिसतंय?' आमच्या पहिल्या पोथीत सोनीच्या डोक्यावर ढगासारखा फुगा काढून त्यात घर दाखवलं होतं, तिला घर आठवतंय म्हणून. बायका म्हणाल्या, 'पाऊस येतोय.' पैसे घेणारा नुसता हात मोठा करून काढला होता, तर एका मुलाने विचारलं, 'हात तुटलाय का?' पुस्तकं वाचून आपल्या डोळ्यांना ज्या खुणा सवयीच्या झालेल्या असतात, त्या सगळ्यांनाच माहीत नसतात. पूर्ण माणूस काढा, पूर्ण जागा काढा.

सगळ्यात मोठी दुरुस्ती एका आजीने सांगितली. चौथ्या चित्रात आम्ही नातलगाला उभा दाखवला होता, हातात नोटा. आजी चित्राजवळ आली, बोट टेकवलं आणि म्हणाली, 'हा असा उभा नाही ऱ्हात. ओट्यावर बसतो. च्या पितो. मग पोरीला पाणी आणायला धाडतो, अन् ती आत गेली का पैसे काढतो.' आता आमच्या चित्रात तो बसलेला आहे, बशीतून चहा पितोय, आणि मागे दारातून घागर घेऊन जाणारी लाल रिबीन दिसते.

सांगण्याची वेळ आणि जागा

भाताची लावणी उरकल्यापासून दसऱ्यापर्यंतचा काळ धरा. दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात आणि तोवर उचल घेऊन झालेली असते. दिवसभर शेतात राबलेल्या माणसांना दुपारी बोलवू नका, जेवणानंतर बसा. समाजमंदिर, शाळेचा व्हरांडा, कुणाचं मोठं अंगण, काहीही चालेल. लाइटचा भरवसा धरू नका, सोलर कंदील दोन्ही बाजूंना ठेवा. चित्र डोक्याच्या उंचीवर धरा आणि प्रत्येक चित्र घेऊन एकदा गोलात फिरा, मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना जवळून बघू द्या.

सांगणारा शक्यतो त्याच बोलीचा हवा. कोकणा आदिवासींच्या कोकणी किंवा कातकरी बोलीत गोष्ट ऐकली की माणसं पुढे सरकून बसतात. आम्ही चित्र धरतो, गोष्ट पाड्यातली मुलगी सांगते. लहान मुलांसाठी वेगळी, छोटी पोथी करा, त्यात सहा चित्रं पुरतात. आणि एक बैठक फक्त पुरुषांची घ्या, कारण अंगठा आईचा असला तरी उचलीचा निर्णय बहुतेक वेळा बैठकीतल्या पुरुषांनी घेतलेला असतो.

गोष्टीनंतर कुणी बोललं तर

ही तयारी झाल्याशिवाय पोथी बाहेर काढूच नका. गोष्ट संपली, लोक उठले, आणि सतरंजी गुंडाळताना एखादी बाई जवळ येऊन हळूच म्हणेल, 'माझी बी गेलीय.' त्या क्षणी तुमच्याकडे काय आहे?

तिला गर्दीपासून बाजूला घ्या, पण दिसेल अशा जागी. ऐका. 'आणतोच परत' असं वचन देऊ नका. मुलीचं नाव, वय, कधी गेली, कुणाबरोबर, शेवटचा फोन कधी आणि कुठल्या नंबरवरून आला, गाडीचं काही आठवतं का, एवढं तिच्यासमोर लिहा आणि तिला वाचून दाखवा. नेणाऱ्याला किंवा मुकादमाला स्वतः फोन करू नका. त्याला कुणकुण लागली की मुलीला दुसरीकडे हलवलं जातं.

मूल असेल तर १०९८, ही बालकांची मदतवाहिनी दिवसरात्र चालू असते. तातडीचं असेल तर ११२. महिलांसाठी १८१. पोलीस ठाण्यात 'चोवीस तास वाट बघा' असं सांगितलं गेलं तर शांतपणे सांगा, हरवलेल्या मुलाच्या तक्रारीत अपहरण किंवा तस्करी झाली असं धरून गुन्हा नोंदवायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच स्पष्ट केलेलं आहे. 'हद्द आमची नाही' असं म्हणाले तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवता येतो. वेठबिगारी असेल तर तहसीलदार किंवा प्रांत यांच्याकडे लेखी अर्ज द्या. सुटका झाल्यावर मुक्तीचा दाखला आग्रहाने मागा, पुनर्वसनाचे पैसे त्याच दाखल्यावर मिळतात. तातडीची मदत तीस हजारांपर्यंत आहे. मुलांचं पुढे काय करायचं ते बाल कल्याण समिती ठरवते. जिल्हा बाल संरक्षण कक्षात आधीच एकदा जाऊन ओळख करून ठेवा, अडचणीच्या रात्री नव्याने ओळख करायला वेळ नसतो.

गावाच्या हातातलं एक साधं काम आहे. अंगणवाडीत किंवा ग्रामपंचायतीत जगायला जाणाऱ्यांची वही ठेवायची. कोण, कुणाबरोबर, कुठे, कुठल्या नंबरवर, परत कधी. गाव बाल संरक्षण समिती कागदावर असेल तर तिला हेच काम द्या. मुलं सोबत जात असतील तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यायला सांगा, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता येतं. मुकादम चांगला असेल तर त्याचाही या वहीला विरोध नसतो. जो 'वही कशाला?' म्हणतो, त्याच्याबरोबर पाठवताना गाव दोनदा विचार करतं.

बारावं चित्र

ते कोरं ठेवलेलं कापड आहे. अकराव्या चित्रानंतर ते जमिनीवर पसरायचं, कोळसा आणि गेरू द्यायचा, आणि विचारायचं: 'आपल्या पाड्यात आई पहिल्यांदा कुणाकडे धावेल?' उत्तर आमच्याकडे नसतं. काही ठिकाणी लोक पोलीस पाटलाचं घर काढतात, काही ठिकाणी आशाताईचं. हे कापड आम्ही परत नेत नाही, ते तिथेच भिंतीवर राहतं. तीन आठवड्यांनी पुन्हा जाऊन मुलांना गोष्ट सांगायला लावतो, ती काय विसरली ते पाहून चित्रं सुधारतो.

गेल्या श्रावणात एका वस्तीत बायकांनी बराच वेळ आपसात बोलून घेतलं आणि मग चक्क पिठाची गिरणी काढली. आम्हाला कळेना. तेव्हा एकीने बाहेर नेऊन टेकाडावरची गिरणी दाखवली. फोनची रेंज फक्त गिरणीच्या ओट्यावर येते, आणि गिरणीवाल्या बाईचा फोन कायम चार्ज असतो. मग तिनेच कोळसा घेतला आणि चित्रातल्या गिरणीच्या दारावर मोठ्या आकड्यांत १०९८ लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच नंबर खऱ्या दारावरही होता, चुन्याने.